फिडलचा वारसा, बँजोचा विसर

अमेरिकेतल्या अ‍ॅपलाचियन डोंगरांतली लोकगीते अनेकदा दोघेच रंगवतात. एकाकडे फिडल, म्हणजे आपले व्हायोलिनच, दुसऱ्याकडे बँजो. निवेदनात ‘केल्टिक वारसा’ हमखास येतो. फिडलपुरता तो खरा, स्कॉटलंड-आयर्लंडहून आलेल्यांनी त्या चाली आणल्या. पण बँजो? तो आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्यांचा. आरंभी भोपळ्यावर कातडे ताणून केलेला. १९१६ ते १९१८ या काळात सेसिल शार्प आणि मॉड कार्पेलिस यांनी तेथे हिंडून शेकडो गाणी टिपली. थोर काम, पण बहुतेक गोऱ्यांच्याच उंबरठ्यावर झाले. शार्प यांचे नाव घेणाऱ्यांनी जो थॉम्पसन आणि त्यांचे चुलतभाऊ ओडेल यांचेही घ्यावे. नॉर्थ कॅरोलिनातली ही कृष्णवर्णीय जोडी, फिडल आणि बँजोचीच. ओडेल १९९४ साली वारले. २००५ पासून काही तरुण कृष्णवर्णीय वादक जो यांच्या घरी शिकायला जाऊ लागले, तेव्हा त्यांनी ऐंशी ओलांडली होती.