दुखणे कोणत्या भाषेत सांगाल?

परवा संध्याकाळी दवाखान्यात एक ओळखीचे जोडपे आले. मुलगी माद्रिदला असते, तिचे दुसरे बाळंतपण जवळ आले आहे, म्हणून दोघे अडीच महिन्यांसाठी तिकडे निघाले आहेत. रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या गोळ्या किती बरोबर न्याव्यात, हे विचारायला आले होते. मी गोळ्यांची मूळ औषधी नावे चिठ्ठीवर लिहून दिली, कारण आपल्या कंपन्यांची नावे तिकडे कुणाला कळत नाहीत. शिवाय दहा-बारा स्पॅनिश वाक्ये देवनागरीत लिहून तो कागद त्यांच्या हातात ठेवला. गृहस्थ हसले. म्हणाले, "मॅडम, हे कशाला? आमचा नातू आहे की! नऊ वर्षांचा आहे, पण पोपटासारखा बोलतो."

मी त्यांना बसवून घेतले आणि माझी गोष्ट सांगितली. वाचकहो, तीच आज तुम्हालाही सांगते.

यजमानांच्या नोकरीमुळे 2011 ते 2014 अशी तीन वर्षे आम्ही माद्रिदमध्ये काढली. त्यांच्या कचेरीत सगळा व्यवहार इंग्रजीत चाले. मला तिथे डॉक्टरकी करता येणार नव्हती आणि तीन वर्षांनी परतायचेच होते. मग स्पॅनिश शिकून करायचे काय, असा साधा हिशेब मी मांडला. मुलगा तेव्हा दहा वर्षांचा. तो शाळेत सहा-सात महिन्यांत फडाफडा बोलू लागला. मग काय, बँकेत तो, नळ दुरुस्त करणाऱ्याशी बोलायला तो, दुकानात दही मागायलासुद्धा तोच. आम्हाला त्याचे केवढे कौतुक! चौदा वर्षे दवाखाना चालवलेली मी बाई, मुलाचे बोट धरून बाजारात जात होते आणि यात काही बिघडले आहे असे मला वाटतही नव्हते.

दुसऱ्या हिवाळ्यात स्तनात एक गाठ हाताला लागली. यजमान कामानिमित्त बार्सिलोनाला गेलेले. मी मुलाला घेऊन आमच्या भागातल्या सरकारी आरोग्य केंद्रात गेले. डॉक्टर तरुण मुलगी होती, बोलायला मृदू. तिचे 'मामोग्राफिया', 'एकोग्राफिया', 'बिओप्सिया' हे शब्द मला न शिकता कळले आणि मी मनात थोडी सुखावले. वैद्यकातले मोठे शब्द लॅटिन-ग्रीकमधून आलेले, ते सगळीकडे सारखेच. अडते ते साध्या शब्दांपाशी. शेवटी ती एक वाक्य बोलली. मुलगा क्षणभर गप्प राहिला आणि म्हणाला, "काही नाही, तपासणी करून घ्या म्हणते."

त्यानंतर तो नीट जेवेना. रात्री उठून माझ्या खोलीच्या दाराशी उभा राही. मला वाटले, शाळेत काही झाले असेल. पाचव्या रात्री त्याने विचारले, "आई, तू नसलीस तर मी आणि बाबा इथंच राहायचं का?"

डॉक्टर म्हणाली होती, 'पारा देस्कार्तार आल्गो मालो.' 'आल्गो मालो' म्हणजे काहीतरी वाईट, एवढे त्याला येत होते. 'देस्कार्तार' हा शब्द त्याने कधी ऐकलेला नव्हता. त्याचा अर्थ शक्यता बाद करणे. म्हणजे "वाईट काही नाही ना, याची खात्री करून घेऊ," असे ती मला धीर देऊन सांगत होती! गाठ पुढे साधीच निघाली. पण त्या पोराने पाच दिवस एकट्याने काय वाहिले, ते आठवले की आजही माझ्या पोटात कालवते. डॉक्टरची काही चूक नव्हती. मुलाची तर नव्हतीच.

पुढच्याच महिन्यात मी प्रौढ शिक्षणाच्या सरकारी केंद्रात नाव घातले. परदेशी लोकांना तिथे विनामूल्य स्पॅनिश शिकवतात. वर्गात मोरोक्कोच्या बायका, एक चिनी दुकानदार, रुमानियाचा एक गवंडी. वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी चुकायची लाज वाटते, हे खरे. एकदा शेजारणीला "मी आजारी आहे" सांगायचे होते. 'एस्तोय माला' म्हणण्याऐवजी मी 'सोय माला' म्हटले, म्हणजे "मी वाईट बाई आहे!" ती खो खो हसली आणि तेव्हापासून आमची मैत्री जमली. औषधाच्या दुकानात शौचाला साफ होत नाही हे सांगायला मी इंग्रजीवरून ओढूनताणून 'कोन्स्तिपादा' म्हटले, तर दुकानदाराने सर्दीचे औषध पुढे केले. स्पेनमध्ये त्या शब्दाचा अर्थ सर्दी झालेली. मलावरोधाला 'एस्त्रेन्यिमिएंतो' म्हणतात.

मात्र आपल्याला ही भाषा वाटते तितकी परकी नाही. त्यांचे त आणि द आपल्यासारखेच दातांवर जीभ टेकवून येतात. 'मे दुएले' म्हणजे मला दुखते, 'मे गुस्ता' म्हणजे मला आवडते. वाक्याची बांधणी इंग्रजीपेक्षा आपल्याला जवळची. वडीलधाऱ्यांना किंवा अनोळखी माणसाला 'उस्तेद', घरच्यांना 'तू', आणि हा 'तू' उच्चारालाही आपलाच. हातापायांना मुंग्या येतात त्याला ते 'ओर्मिगेओ' म्हणतात, आणि 'ओर्मिगा' म्हणजे मुंगी! हे कळले तेव्हा मला माहेरचे माणूस भेटल्यासारखे झाले.

एका शब्दाने केवढा अनर्थ होतो, याचे अमेरिकेतले उदाहरण वैद्यकात पुष्कळदा सांगितले जाते. 1980 साली फ्लोरिडात विली रामिरेझ नावाच्या अठरा वर्षांच्या मुलाला बेशुद्धावस्थेत रुग्णालयात आणले. स्पॅनिशभाषक घरच्यांनी 'इंतोक्सिकादो' शब्द वापरला. त्यांना म्हणायचे होते, खाण्यातून काहीतरी बाधले आहे. डॉक्टरांनी इंग्रजीवरून अर्थ घेतला नशा, आणि उपचार अमली पदार्थांचे सुरू केले. प्रत्यक्षात मेंदूत रक्तस्राव होत होता. तो कळेपर्यंत उशीर झाला आणि मुलाचे दोन्ही हात, दोन्ही पाय कायमचे गेले. पुढे सुमारे 7 कोटी 10 लाख डॉलरची भरपाई ठरली. पैशाने हातपाय थोडेच परत येतात?

उतारवयात नवी भाषा शिकली तर विसराळूपणा टळतो का, असे वाचक विचारतात. हैदराबादच्या निजाम्स इन्स्टिट्यूटमध्ये डॉ. सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी 648 रुग्णांची पाहणी केली, ती 2013 मध्ये प्रसिद्ध झाली. एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाची लक्षणे सुमारे साडेचार वर्षे उशिरा दिसली, निरक्षर माणसांतसुद्धा. पण ही माणसे अनेक भाषांत जगलेली होती. साठीनंतर पुस्तक उघडले की तेच फळ मिळेल, असे कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. सगळ्याच पाहण्यांत असा फायदा दिसलेलाही नाही. भाषा शिकायची ती आपले दुखणे आपल्या तोंडाने सांगता यावे म्हणून. माझ्या मते एवढे कारण भरपूर आहे.

परत आल्यावर दवाखान्यात मी एक नियम केला. वीटभट्टीवर ओडिशातून आलेले मजूर बाईला घेऊन येतात आणि बोलायला पुढे करतात आठ-नऊ वर्षांची पोर, कारण तिला शाळेत मराठी आलेले असते. मी त्या पोरीला बाहेर बाकावर बसवते आणि मुकादमाच्या बायकोला बोलावणे पाठवते. ती येईपर्यंत कधी तासभर जातो, बाकीचे रुग्ण कुरकुरतात. कुरकुरू देत.

एवढे सांगून झाल्यावर ते गृहस्थ कागद घडी करून खिशात ठेवू लागले. तो त्यांच्या पत्नीने काढून घेतला. आतापर्यंत त्या एक शब्दही बोलल्या नव्हत्या. कागद वाचून म्हणाल्या, "यात चक्कर येते, हे नाही लिहिलेलं. मला तर तेच होतं."

'मे मारेओ,' मी सांगितले. त्यांनी ते दोनदा म्हणून पाहिले, पेन मागितले आणि तळाशी स्वतःच्या हाताने लिहून घेतले.