यकृताच्या जुन्या विकारात पथ्य कशाचे?

यकृताच्या जुनाट विकाराने ग्रासलेल्या रोग्याचे ताट आपल्या देशातील पुष्कळ घरी एकाच नमुन्याचे असते. आसट भात, मुगाचे कढण, उकडलेला दुधी किंवा पडवळ. कावीळ पिवळी म्हणून पिवळी हळद वर्ज्य. तेलतूप वर्ज्य, अंडी व मासे वर्ज्य, डाळी ‘जड’ म्हणून वर्ज्य. मधून मधून उसाचा रस किंवा ग्लुकोजचे पाणी दिले जाते. असल्या बेचव अन्नावर रोग्याची वासना टिकत नाही, तेव्हा घरच्या माणसांना दया येते आणि ताटाच्या कडेला लिंबाचे लोणचे व भाजलेला पापड वाढला जातो. या ताटात खरोखर वर्ज्य करण्याजोगे जर काही असेल तर ते हे लोणचे आणि हा पापडच होय. जे पदार्थ काढून टाकले आहेत, त्यांतील बरेचसे रोग्याला हवे असतात.

येथे विचार करावयाचा आहे तो सिऱ्होसिस या विकाराचा. दीर्घकाळचे मद्यपान, हेपॅटायटिस बी व सी यांचे विषाणू किंवा यकृतात साठत गेलेली चरबी यांमुळे यकृताच्या पेशी वर्षानुवर्षे मरत राहतात व त्यांच्या जागी व्रणासारखे तंतू तयार होतात. यकृत कठीण व गाठाळ होते आणि आतड्यांकडून त्यात येणाऱ्या रक्ताला वाट मिळेनाशी होते. पुढे पोटात पाणी साचते, पाय सुजतात, दंड-मांड्या वाळतात, ग्लानी येते, कधी कधी बुद्धीला भ्रम होतो. आहाराने हे तंतू नाहीसे होत नाहीत, आणि तसे सांगणाऱ्यावर कोणी विश्वास ठेवू नये. मूळ कारणावरील उपचार आणि मद्याचा संपूर्ण त्याग यांना पर्याय नाही. परंतु वर सांगितलेली लक्षणे कितपत पीडा देतील, हे मात्र पुष्कळ अंशी रोगी काय खातो आणि केव्हा खातो यावर अवलंबून असते.

प्रथिनांविषयीची भीती अगदी निराधार होती असे म्हणता येणार नाही. तिला इतिहास आहे. एक या रशियन शस्त्रवैद्याने 1877 साली कुत्र्यावर अशी शस्त्रक्रिया केली की आतड्यांकडून यकृताकडे जाणारे रक्त यकृताला वगळून सरळ मोठ्या शिरेत जावे. पुढे 1893 साली पाव्हलोव्ह व त्याचे सहकारी यांनी अशाच कुत्र्यांचा अभ्यास केला. त्यांना मांस खाऊ घातले असता ती लडखडू लागत, त्यांची दृष्टी जाई, झटके येत. प्रथिनांपासून आतड्यांत निर्माण होणारा अमोनिया यकृतात निर्विष व्हावयाचा, तो थेट मेंदूपर्यंत पोहोचतो, असा अर्थ यातून निघाला. 1950 नंतरच्या दशकात लंडनमधील शीला शेरलॉक व त्यांचे सहकारी यांनी माणसांतील अशाच भ्रमावस्थेचे वर्णन केले, आणि रोग्याची प्रथिने तोडावी हा उपचार जगभर रूढ झाला. त्या काळी हाती दुसरी साधने फारशी नव्हती आणि काही रोगी त्याने शुद्धीवर येतही असत. दोष त्या वैद्यांचा नव्हे. चार-सहा दिवसांचा उपचार पुढे आयुष्यभराचे पथ्य होऊन बसला, अनर्थ झाला तो तेथे.

नवल असे की याच्या उलट अनुभवही जुनाच आहे. न्यूयॉर्कमधील आर्थर पॅटेक व त्यांचे सहकारी यांनी सिऱ्होसिसच्या रोग्यांना भरपूर प्रथिनांचा पौष्टिक आहार देऊन आलेले चांगले अनुभव 1941 साली प्रसिद्ध केले होते. ते मागे पडले आणि भीती तेवढी पुढे आली.

अमोनिया निर्विष करण्याचे काम एकट्या यकृताचे नसते. स्नायूही ते करतात. अमोनियापासून ग्लुटामिन हे निरुपद्रवी द्रव्य बनविण्याची शक्ती त्यांच्यात असते. यकृत दुबळे झाले म्हणजे हा भार स्नायूंवर अधिक पडतो. अशा वेळी प्रथिने तोडली तर शरीर आपलेच स्नायू मोडून गरज भागविते. त्या मोडतोडीतून अमोनिया निघतोच, शिवाय तो सावरणारे मांसही घटते. बार्सिलोना येथे 2004 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात भ्रमावस्थेत रुग्णालयात आलेल्या 30 रोग्यांपैकी काहींची प्रथिने आरंभी बंद करून हळूहळू वाढविली आणि बाकीच्यांना पहिल्यापासून नेहमीइतकी दिली. भ्रम उतरण्यात दोहोंत फरक पडला नाही. प्रथिने तोडलेल्यांच्या शरीरातील प्रथिनांचा नाश मात्र अधिक झाला. दिल्लीत 120 रोग्यांवर झालेला व 2016 साली प्रसिद्ध झालेला प्रयोग आपल्याला अधिक जवळचा आहे. वरवर न दिसणारा, परंतु चाचण्यांत उघड होणारा मेंदूवरील परिणाम या रोग्यांत होता. ज्यांना सहा महिने पुरेसा आहार व वनस्पतिज प्रथिने दिली, त्यांपैकी दहांत सुमारे सात जणांचा हा दोष गेला. नेहमीचाच आहार घेणाऱ्यांत दहांपैकी जेमतेम दोघांचा. डाळीला जड म्हणून हाकलणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

आज तज्ज्ञांचे मत असे आहे की या रोग्याला वजनाच्या दर किलोस दररोज 1.2 ते 1.5 ग्रॅम प्रथिने व सुमारे 35 कॅलरी मिळाव्यात. म्हणजे 60 किलोच्या माणसाला 72 ते 90 ग्रॅम प्रथिने हवीत. कढणाने हे कधीही भरून निघणार नाही. पेलाभर दुधात सहा-सात ग्रॅम, एका अंड्यात सहा, मूठभर शेंगदाण्यांत सात, वाटीभर घट्ट वरणात सहा-सात ग्रॅम असा हिशेब धरला, तर दिवसभरात पाच-सहा वेळा काहीतरी सकस खाल्ल्याखेरीज हा आकडा गाठता येत नाही, हे सहज कळेल. गरीब घरीसुद्धा डाळ, दाणे, फुटाणे व ताक यांच्या आधाराने त्याच्या जवळ जाता येते. महागड्या डब्यातील भुकटीची त्यासाठी गरज नाही. डाळी व भाज्या यांत चोथा असतो, त्याने पोट साफ राहते, हा आणखी एक लाभ. कारण बद्धकोष्ठामुळे भ्रम वाढतो.

वजनकाटा या रोगात मोठा फसवा ठरतो. पोटात पाणी भरत असते आणि दंड वाळत असतात. काट्यावरचा आकडा तेवढाच राहतो आणि घरची मंडळी समाधानात असतात.

रोगी काय खातो याइतकेच तो केव्हा खातो हेही महत्त्वाचे आहे. निरोगी यकृत रात्रीच्या उपवासासाठी ग्लायकोजेनच्या रूपाने साखर साठवून ठेवते. कठीण झालेल्या यकृताचा हा साठा तोकडा असतो. संध्याकाळी सातला जेवून सकाळी आठपर्यंत काही न खाणाऱ्या अशा रोग्याच्या शरीराची स्थिती निरोगी माणसाच्या दोन-तीन दिवसांच्या लंघनानंतर होते तशी झालेली असते. न्यूझीलंडमधील ऑकलंड येथील संशोधकांनी 103 रोग्यांना एक वर्षभर सारखेच पूरक अन्न दिले. काहींना दिवसा, काहींना रात्री. 2008 साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की रात्री खाणाऱ्यांच्या शरीरात सुमारे दोन किलो मांसल वजनाची भर पडली, दिवसा खाणाऱ्यांत ती पडली नाही. तेव्हा निजण्यापूर्वी दूध-भाकरी, दूध-पोहे किंवा केळे व दाणे असे दोनशेएक कॅलरींचे काहीतरी रोग्याच्या पोटात जावे. एकादशी, चातुर्मास, सूर्यास्तानंतर न जेवण्याचे व्रत यांविषयी कोणाच्या श्रद्धेला धक्का न लावताही एवढे म्हणता येईल की आजाऱ्याला सवलत देण्याची परंपरा आपल्याकडे आहे, आणि ती येथे वापरावी. उपवासाचा साबुदाणा म्हणजे तर जवळजवळ निव्वळ पिष्ट. प्रथिने त्यात नावालाच.

मीठ ही मात्र खरी वर्ज्य करण्याची, निदान मोजून घेण्याची वस्तू. पोटात साचलेल्या पाण्याच्या एका लिटरमध्ये सात-आठ ग्रॅम मीठ असते. दुबळ्या यकृतामुळे मूत्रपिंडे मीठ धरून ठेवतात आणि मिठामागोमाग पाणी साचते. म्हणून ज्यांच्या पोटात पाणी होते, त्यांना साऱ्या दिवसाचे मिळून सुमारे पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा सपाट चमचाभर मीठ पुरे. लोणचे, पापड, सांडगे, खारवलेले मासे, फरसाण, बेकरीचा पाव या सर्वांत ते दडलेले असते. पापडखार व खाण्याचा सोडा यांतही सोडियम असतेच. सैंधव हेदेखील मीठच आहे. लिंबू, चिंच, आले, जिरे, कोथिंबीर यांवर चव भागवावी. कमी सोडियमचे म्हणून जे मीठ बाजारात मिळते, त्यात पोटॅशियम असते, आणि स्पायरोनोलॅक्टोनसारखे लघवीचे औषध घेणाऱ्याच्या रक्तात ते धोक्याच्या पातळीपर्यंत वाढू शकते. मीठ अगदीच तोडले तर रोगी जेवतच नाही, म्हणून तोही अतिरेक नको.

हळदीवर रोष धरण्याचे कारण नाही. आमटीतल्या चिमूटभर हळदीने काही बिघडत नाही. तिच्या अर्काच्या गोळ्यांनी मात्र यकृतास इजा झाल्याची उदाहरणे नोंदली गेली आहेत. उसाच्या रसाचेही माहात्म्य फार झाले. सिऱ्होसिसबरोबर मधुमेह वारंवार आढळतो, आणि तेथे हा रस अपायच करील. ज्यांचा विकार स्थूलतेतून उद्भवला आहे त्यांनी साखर, मैदा व तळण कमी करून वजन उतरवावे, पण प्रथिने कमी करू नयेत. मूत्रपिंडेही बिघडली असतील तर प्रमाण डॉक्टरांनी ठरवावे. आणि रोगी असंबद्ध बोलू लागला, झोपेतून उठेनासा झाला, तर वरण द्यावे की न द्यावे हा वाद घरी घालीत बसू नये, रुग्णालय गाठावे. जंतुसंसर्ग, आतील रक्तस्राव, बद्धकोष्ठ किंवा लघवीच्या औषधाचा अतिरेक यांपैकी काहीतरी त्यामागे बहुधा असते.

दवाखान्यातून निघताना रोग्याच्या हाती पडणाऱ्या चिठ्ठीवर औषधांची मात्रा मिलिग्रॅममध्ये लिहिलेली असते आणि आहाराविषयी ‘पथ्य पाळावे’ एवढे दोन शब्द असतात. त्या दोन शब्दांचा अर्थ घरी लावला जातो तो जुन्या समजुतीप्रमाणे, आणि रोगी उपाशी पडतो. दररोज किती वाट्या वरण, किती दूध, किती चमचे मीठ आणि रात्री निजताना काय, एवढ्या चार ओळी त्याच चिठ्ठीवर, रोग्याच्या भाषेत लिहिण्यास पाच मिनिटे लागतील.