'डोरा' आणि वसतिगृहातील सोबत

विद्यार्थ्यांनीच विद्यार्थ्यांची विचारपूस करावी, कुणाला विद्यापीठात परके वाटू देऊ नये, ही कल्पना आता सर्वमान्य होऊ लागली आहे. तिला आमचा विरोध नाही. तिच्या मांडणीत भाषेचा विचार कोठेच नसतो, ही आमची तक्रार आहे. आणि ती मराठीच्या अध्यापकांनी करायची नाही, तर कुणी?

साकोली तालुक्यातील एकोडीसारख्या गावाहून नागपूरला शिकायला जाणारा मुलगा आपल्यासोबत झाडीबोली नेतो. त्या बोलीत 'ण'चा 'न' होतो, 'ळ'च्या जागी 'र' येतो. 'डोळा' तेथे 'डोरा' असतो. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी या बोलीचा अभ्यास चिकाटीने उभा केला, तिची साहित्य संमेलनेही भरली. परंतु वसतिगृहातल्या पहिल्या आठवड्यात हे संशोधन कुणाच्या उपयोगी पडत नाही. मुलाने तोंड उघडले की खोलीत हशा पिकतो. हसणाऱ्यांच्या मनात दुष्टावा असतोच असे नाही. मात्र मुलगा वर्गात प्रश्न विचारणे सोडतो, मेसमध्ये सगळे जेवून गेल्यावर जाऊ लागतो, दिवाळीच्या आधीच गावी परततो. हजेरीपटावर यातले फारच थोडे उमटते. खोलीतल्या सोबत्याला मात्र ते दिसते.

म्हणूनच सोबत्याचे मोल मोठे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढले, तेव्हा निरनिराळ्या जातींची मुले तेथे एकत्र राहत आणि स्वयंपाकही स्वतःच करीत. भाकरी कुणी थापायची, पाणी कुणी भरायचे, यातून जी जवळीक निपजते ती बिल्ले लावलेल्या 'मित्र-समुपदेशकां'च्या कार्यशाळेतून निपजेल, असे आम्हांस वाटत नाही. (कार्यशाळेचे छायाचित्र मूल्यांकनाच्या अहवालात मात्र सुरेख दिसते.)

शिवाय सहाध्यायी आपोआप सुहृद होतो, हे गृहीतकही भाबडे आहे. मुंबईत २०१९ साली मृत्यू पावलेल्या डॉ. पायल तडवी यांचा जातीवरून छळ केल्याचा आरोप त्यांच्याच वरिष्ठ सहकारी डॉक्टरांवर झाला. त्यांच्या आई आबेदा तडवी यांनी रोहित वेमुला यांच्या आई राधिका यांच्यासह त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. मार्च २०२५ मध्ये एका वेगळ्या प्रकरणात त्याच न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी राष्ट्रीय कृतिदल नेमले. छळाची तक्रार ऐकणे, चौकशी करणे, प्रशिक्षित समुपदेशक नेमणे ही संस्थेची कामे आहेत. एकोणीस वर्षांच्या मुलाने मित्राचे ऐकावे, त्याला एकटे सोडू नये, वेळ पडल्यास २०२२ साली सुरू झालेल्या 'टेलिमानस'चा १४४१६ हा क्रमांक लावून द्यावा. त्याच्या जिवाची जबाबदारी मात्र त्या मुलावर टाकणे हा निव्वळ पळपुटेपणा होय.

आणि अध्यापकांचे काय? प्रमाणभाषा शिकवणे हे आमचे कर्तव्यच. पण वर्गातल्या हशाला आमचे स्मितही बळ देत असते. पहिल्याच तासाला फळ्यावर 'डोळा' लिहावा आणि कोण घरी काय म्हणते ते विचारावे. झाडीतला 'डोरा' म्हणेल, वऱ्हाडातला 'डोया', आगरी घरातली मुलगी 'डोला'. मग 'ळ'चे काय काय होते, यावर उरलेला तास चालवावा. पाठ्यक्रमात भाषाविज्ञान आहेच.