किलोचा भाव आणि मायक्रॉनचे मोल

कोल्हापूरच्या फाउंड्री उद्योगात कास्टिंगचा सौदा प्रामुख्याने किलोच्या दराने होतो. तेच कास्टिंग लेथवरून आणि ग्राइंडरवरून नेमक्या मापात उतरले, की त्याची किंमत नगावर ठरू लागते. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले औद्योगिक वसाहतींतील अनेक उद्योजकांची धडपड या दुसऱ्या बाजारात पाय रोवण्यासाठी आहे. सीएनसी यंत्र कर्ज काढून आणता येते. त्या यंत्रातून उतरलेला भाग खरोखरच गोल आहे का आणि त्याचा पृष्ठभाग हवा तितका गुळगुळीत आहे का, हे खात्रीने सांगणारा माणूस मात्र कर्जाने मिळत नाही.

केंद्रीय मंत्रिमंडळाने मे २०२५ मध्ये आयटीआयच्या आधुनिकीकरणासाठी ६० हजार कोटी रुपयांची योजना मंजूर केली. 'पीएम-सेतू' या नावाने ऑक्टोबर २०२५ मध्ये तिचा प्रारंभ झाला. देशातील एक हजार आयटीआय तीत येणार असून, त्यांपैकी दोनशे केंद्रस्थानी आणि आठशे त्यांना जोडलेल्या राहतील. नवी यंत्रे येतील, हे उघड आहे. त्यांच्यासमोर उभ्या राहणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती नेमके काय पडेल, हा प्रश्न त्या मानाने कमी विचारला जातो. तो विचारण्यासाठी गारगोटीइतके योग्य ठिकाण क्वचितच सापडेल.

कोल्हापूरपासून सुमारे ५० किलोमीटरवरील या तालुक्याच्या गावी शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक यांनी मौनी विद्यापीठ उभे केले. ग्रामीण भागातच उच्च आणि तंत्रशिक्षण मिळावे, या विचारातून घडलेल्या या संकुलाची 'इन्स्टिट्यूट ऑफ सिव्हिल अँड रूरल इंजिनिअरिंग' ही संस्था आजही गारगोटीत पदविका अभ्यासक्रम चालवते. नाईक पुढे १९६४ ते ६६ या काळातील कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव झाले. 'कार्यानुभव' हा शब्द शिक्षणाच्या परिभाषेत रुजला तो याच आयोगामुळे. पुढे शाळांनी त्याचे कागदी फुले करण्यात रूपांतर केले, तो भाग निराळा.

मापनाच्या प्रयोगशाळेत हा कार्यानुभव म्हणजे काय, हे एका साध्या उदाहरणावरून कळते. एखादा दंड गोल आहे की नाही हे पाहण्यासाठी विद्यार्थी मायक्रोमीटर घेतो, तीन-चार दिशांनी व्यास मोजतो आणि सगळे आकडे सारखे आले की 'गोल' असे लिहून मोकळा होतो. येथेच फसगत होते. सेंटरलेस ग्राइंडिंगमध्ये दंडाला तीन किंवा पाच सूक्ष्म उंचवटे येऊ शकतात. असा आकार कोणत्याही दिशेने मोजला तरी व्यास तेवढाच भरू शकतो, कारण एका बाजूच्या उंचवट्यासमोर दुसऱ्या बाजूला खळगा असतो. बेअरिंगमध्ये तो फिरू लागला, की आवाज आणि कंप सुरू होतात.

हा दोष पकडण्यासाठी लाखो रुपयांचे यंत्रच हवे, असेही नाही. दंड व्ही-ब्लॉकमध्ये ठेवून वर डायल गेज लावले आणि तो सावकाश फिरवला, की काटा हलतो. ६० अंशांच्या खाचेत तीन उंचवट्यांचा दोष तिप्पट मोठा होऊन दिसतो. पण त्याच खाचेत पाच उंचवट्यांचा दोष जवळजवळ पूर्णपणे लपतो. ९० अंशांची खाच घेतली, तर तोच दोष दुप्पट होऊन समोर येतो. दोन खाचा, एक डायल गेज आणि मुद्दाम सदोष ठेवलेले दोन-तीन दंड एवढ्या सामग्रीत हा धडा कोणत्याही तंत्रनिकेतनात देता येईल. ज्याने काटा स्थिर राहिलेला आणि खाच बदलताच तोच काटा नाचू लागलेला पाहिला, तो पुढे एका मापावर विसंबणार नाही.

ही चूक केवळ विद्यार्थ्यांची नाही. १९८६ मध्ये 'चॅलेंजर' यान कोसळले. त्या अपघाताचे कारण थंडीने लवचिकता गमावलेले रबरी सील हे ठरले. मात्र चौकशी आयोगाचे सदस्य असलेले नोबेलविजेते भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांना चौकशीत आणखी एक गोष्ट खटकली. पुन्हा वापरायच्या बूस्टरच्या भागांची गोलाई तीन ठिकाणी व्यास मोजून तपासली जात होती. तीन व्यास सारखे असले म्हणजे आकार वर्तुळच असतो असे नाही, हे त्यांनी दाखवून दिले.

पृष्ठभागाच्या बाबतीत गुंता आणखी वाढतो. खडबडीतपणा मोजणारे हातात मावेल असे उपकरण आज कारखान्यांत सर्रास दिसते. हिऱ्याची सूक्ष्म सुई काही मिलिमीटर सरकते आणि पडद्यावर 'आरए'चा आकडा उमटतो. हा आकडा म्हणजे मध्यरेषेपासूनच्या चढउतारांची सरासरी. एका पृष्ठभागावर टोकदार सुळके आणि दुसऱ्यावर तेवढ्याच खोल चरा असतील, तर दोन्हींचा आरए सारखाच येतो. डिझेल इंजिनाच्या लायनरसाठी मात्र दोहोंत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. चरांमध्ये तेल टिकते, तर सुळके पिस्टन रिंगला घासतात. इंजिने बनवतच वाढलेल्या कोल्हापूरला हे समजावून सांगण्याची गरज नसावी. मात्र सुई यंत्रणाच्या रेघांना आडवी चालवावी लागते, सुईची लांबी नव्हे तर मापनाची लांबी पृष्ठभागानुसार निवडावी लागते आणि काम सुरू करण्यापूर्वी प्रमाण नमुन्यावर उपकरण पडताळावे लागते, हे वीस जणांच्या तुकडीत लांबून पाहून अंगवळणी पडत नाही.

त्यातच नियमही बदलले आहेत. २०२१ मध्ये आलेल्या 'आयएसओ २१९२०' या मानकाने जुन्या मानकांची जागा घेतली. पूर्वी, ड्रॉइंगवर वेगळी सूचना नसल्यास, १६ टक्क्यांपर्यंत मापने मर्यादेबाहेर गेली तरी भाग स्वीकारला जाई. नव्या मानकात, वेगळी सूचना नसल्यास, एकही माप मर्यादा ओलांडून चालत नाही. ड्रॉइंग कोणत्या मानकानुसार काढले आहे, हे तपासनिसाला ओळखता आले नाही, तर चांगला माल परत येईल किंवा सदोष माल पुढे जाईल. विजेच्या वाहनांमुळे इंजिनाचे भाग कमी होतील, पण मोटारीचा शांतपणा गिअरचा आवाज झाकत नसल्याने दातांच्या पृष्ठभागाबाबतची कसोटी उलट कडक होत आहे.

'पीएम-सेतू'ची रचना येथे उपयोगी पडू शकते. गोलाई मोजणारे महागडे यंत्र आणि त्यासाठी लागणारी २० अंश तापमानाची खोली केंद्रस्थानी असावी, तर व्ही-ब्लॉक, डायल गेज, खडबडीतपणाचे उपकरण आणि सदोष नमुन्यांचा संच जोडलेल्या संस्थांत प्रत्येक विद्यार्थ्याच्या हाती यावा. मात्र ही योजना आयटीआयपुरती आहे. तपासनीस आणि पर्यवेक्षक म्हणून कारखान्यात जाणारा पदविकाधारक तिच्या कक्षेबाहेर राहतो. गारगोटीसारख्या ठिकाणच्या तंत्रनिकेतनांना त्या केंद्रांचे दार उघडण्यासाठी राज्याच्या तंत्रशिक्षण आणि कौशल्य विकास विभागांत समन्वय लागेल, आणि प्रात्यक्षिकाचे गुण वहीतील आकड्यांना न देता विद्यार्थ्याने परीक्षकासमोर स्वतः केलेल्या मापनाला द्यावे लागतील. या दुसऱ्या सुधारणेसाठी तर निधीचीही वाट पाहावी लागत नाही.