मेडिकल बोर्डाच्या एका 'नाही'ची किंमत

भरतीच्या वेळी लष्कराचा डॉक्टर पोराला नखशिखांत तपासतो. छाती, डोळे, कान, दात. तळपाय सपाट दिसला तरी घरी पाठवतो. असा पारखून घेतलेला धडधाकट तरुण आठ-नऊ वर्षांनी फिट्स येतात म्हणून किंवा मानसिक आजार जडला म्हणून घरी धाडला जातो. त्याच्या कागदावर मेडिकल बोर्ड लिहिते, 'आजार सेवेमुळे झालेला नाही, सेवेमुळे वाढलेलाही नाही.' मग झाला कशामुळे? त्याचे उत्तर त्या कागदावर बहुधा नसतेच.

वाचकहो, या 'नाही'चा हिशोब नीट समजून घ्या. साध्या पेन्शनसाठी जवानाला १५ वर्षे सेवा लागते. अपंगत्व सेवेमुळे आले असे मान्य झाले, तर वर्षांची अट राहत नाही. सेवेचा भाग आणि अपंगत्वाचा भाग अशी दोन्ही मिळून पेन्शन मिळते. बोर्डाने 'नाही' लिहिले की नऊ वर्षे नोकरी केलेल्या शिपायाच्या हाती एकरकमी ग्रॅच्युइटी पडते आणि विषय संपतो. दहा वर्षांची अट २०२० साली शिथिल झाली, पण ती ४ जानेवारी २०१९ रोजी वा त्यानंतर सेवेत असलेल्यांपुरती. आधीचे वाऱ्यावरच.

टक्केवारीचेही तसेच. शंभर टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या ३० टक्के रक्कम मिळते. पगार ४० हजार धरला तर १२ हजार. अपंगत्व २० टक्के असेल तर २,४०० रुपये. आणि ५० टक्क्यांखालील अपंगत्व ५० धरले तर ६,००० रुपये. मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही ही वाढीव टक्केवारी द्या, हे सांगायला डिसेंबर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालय लागले.

त्याआधी २ जुलै २०१३ रोजी सिग्नल्समधल्या एका शिपायाच्या खटल्यात याच न्यायालयाने स्पष्ट केले होते की, भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर तो सेवेमुळेच झाला असे मानावे, शंकेचा फायदा जवानाला द्यावा, पुराव्याचा बोजा त्याच्यावर टाकू नये. हा शिपाई १९८५ ला भरती झाला, १९९४ ला बाहेर पडला. न्याय मिळेपर्यंत १९ वर्षे गेली! तरीही बोर्डाने कारणे लिहिलीच पाहिजेत, हे मे २०२५ मध्ये न्यायालयाला पुन्हा सांगावे लागले. मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना २०१५ साली नेमलेल्या समितीनेही सरकारने जवानांविरुद्धची अशी अपिले मागे घ्यावीत असेच सुचवले होते. ऐकतो कोण?

सरकार म्हणते, गैरवापर होतो. होत असेल. पण कोण करतो? 'कॅग'च्या २०२३ च्या अहवालानुसार २०१५-१६ ते २०१९-२० या काळात निवृत्त होणाऱ्या अधिकाऱ्यांपैकी सुमारे ३६ ते ४० टक्के डिसॅबिलिटी पेन्शन घेऊन बाहेर पडत होते; जवानांपैकी सुमारे १५ ते १८ टक्के. अधिकारी पन्नाशीनंतर निवृत्त होतो, जवान त्याच्या कितीतरी आधी, हा वयाचा फरक मान्य. तरी बर्फात आणि खंदकात रात्र काढणारा कोण असतो, हे ज्याचे त्याने ठरवावे. कोणत्या रकान्यात काय लिहून घ्यायचे हे अधिकाऱ्याला ठाऊक असते. शिपाई इंग्रजी कागदावर सही करून निघतो. २१ सप्टेंबर २०२३ पासून नियम आवळले गेले, ते मात्र दोघांनाही.

हा प्रश्न आपल्यापासून दूर नाही. सुभेदार रामजींची पेन्शन हा बाबासाहेबांच्या लहानपणी घराचा एक आधार होता. लष्करी पेन्शनवर शिकलेली पहिली पिढी आपल्यात घरोघर आहे. आजही महार रेजिमेंटमध्ये आणि इतर पलटणींत आपली पोरे आहेत. त्यांतला कुणी बोर्ड आऊट होऊन विदर्भातल्या खेड्यात परतला, तर मुंबईच्या लष्करी न्यायाधिकरणात वकील लावायला पैसा कुठून आणणार? २०२२ पासून अग्निवीर झालेल्यांना तर अपंगत्वाच्या टक्केवारीनुसार ४४, २५ किंवा १५ लाख एकदाच मिळतात, पेन्शन नाहीच.

म्हणून घरात कुणी बोर्डापुढे जाणार असेल तर एवढे करा: भरतीच्या वैद्यकीय तपासणीची आणि बोर्डाच्या निष्कर्षाची प्रत लेखी मागा, 'नाही' लिहिले असेल तर कारण लेखी मागा, आणि अपिलाची मुदत संपू देऊ नका.