राजधानीची सहल : दहा ठिकाणं नकोत, चारच नीट पाहू



दिवाळीची सुट्टी संपली की शाळाशाळांत एकच चर्चा सुरू होते. यंदा सहल कुठे न्यायची? आमच्या चामटोली-बदलापूर भागात उत्तर बहुधा ठरलेलं असतं. एखादं रिसॉर्ट नाहीतर वॉटर पार्क. मुलांना मजा येते, हे खरंच आहे. पण शाळेची सहल वर्षातून एकदाच निघते आणि बऱ्याच घरांतून पैसेही एकदाच निघतात. म्हणून माझं मत स्पष्ट सांगते. चौथीपर्यंत निदान एक सहल आपल्या राज्याच्या राजधानीला, म्हणजे मुंबईला गेलीच पाहिजे.

"मुंबई काय, कधीही बघता येते," असं पालक म्हणतात. खरंच बघता येते का? बदलापूरहून सीएसएमटीला लोकलने दीड-पावणेदोन तास लागतात. आपल्या मुलांचे बाबा, काका, मावश्या रोज हीच लोकल पकडतात, पण कामासाठी. वर्गात विचारून बघा, मुंबईत काय पाहिलंत? आत्याचं घर, हॉस्पिटल, फार तर चौपाटी. ज्या घरात आईवडील दोघंही मजुरीला जातात, त्या मुलाला शाळेनं नाही नेलं तर कोण नेणार?

आता दुसरी बाजू. मुंबईला सहल नेणाऱ्या शाळाही आहेत. पण एका दिवसात आठ-दहा ठिकाणं! बसमधून "उजवीकडे बघा, डावीकडे बघा" आणि गेटवेसमोर एक ग्रुप फोटो. घरी गेल्यावर मुलांना आठवते ती फक्त बसमधली अंताक्षरी. याला पाहणं म्हणायचं का?

मला वाटतं, सुरुवात घराजवळून करावी. मुंबईच्या आधी मुलांना अंबरनाथच्या शिवमंदिरात न्या. शके ९८२ म्हणजे इ. स. १०६० चा शिलालेख असलेलं हे शिलाहारकालीन मंदिर आपल्या तालुक्यातच आहे. बाहेरच्या भिंतीवरची शिल्पं बघू द्या. दगडाला हात न लावता तो बघायचा, हे इथेच शिकवा. हा काळा दगड, बेसाल्ट, आपल्याच सह्याद्रीचा. तो ओळखता आला की मुंबईतल्या इमारती मुलांशी बोलायला लागतात.

मग मुंबईत फक्त चार थांबे घ्या. तेही चालत.

पहिला, सीएसएमटी स्थानक. एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांच्या आराखड्यानुसार १८७८ मध्ये याचं बांधकाम सुरू झालं आणि साधारण दहा वर्षं चाललं. २००४ मध्ये ते जागतिक वारसा यादीत गेलं. भारतातली पहिली प्रवासी रेल्वे १६ एप्रिल १८५३ रोजी याच परिसरातल्या बोरीबंदरहून ठाण्याला धावली. आपल्या ठाणे जिल्ह्याच्या मुलांना हे सांगताना किती छान वाटतं! बाहेर उभं राहून भिंतीवरचे प्राणी-पक्षी शोधायला सांगा.

दुसरा, हुतात्मा चौक. इथे थांबल्याशिवाय पुढे जाऊ नका. नोव्हेंबर १९५५ मध्ये याच भागात संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चावर गोळीबार झाला. १ मे १९६० ला मुंबईसह महाराष्ट्र झाला, तो अशा बलिदानातून. आपण पुस्तकात "महाराष्ट्राची राजधानी मुंबई" हे एका ओळीत पाठ करून घेतो. ती ओळ आयती मिळालेली नाही, हे मुलाला इथे उभं राहिल्यावर कळतं. मला तर सगळ्या सहलीत हाच थांबा सर्वांत मोलाचा वाटतो. तिकीट नाही, रांग नाही, आणि तरी बहुतेक सहली इथून नुसत्या पुढे निघून जातात.

तिसरा, छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालय. १९०५ मध्ये पायाभरणी झाली, पहिल्या महायुद्धात इमारतीत लष्करी रुग्णालय होतं आणि १९२२ मध्ये संग्रहालय लोकांसाठी उघडलं. आत हजारो वस्तू आहेत. सगळ्या दाखवायचा हट्ट धरू नका. दोन दालनं पुरेत. प्रत्येक मुलानं आवडलेली एकच वस्तू निवडायची, तिचं चित्र काढायचं आणि तीन प्रश्नांची उत्तरं शोधायची : ही कशाची केली आहे? कुणी कशासाठी केली असेल? इथे कशी आली असेल? नालासोपाऱ्याजवळ सापडलेला सम्राट अशोकाचा लेख इथे आहे, तो मात्र आवर्जून दाखवा. सोपारा काही परका गाव नाही.

चौथा, गेटवे ऑफ इंडिया. संग्रहालय आणि गेटवे, दोन्हींचे आराखडे जॉर्ज विटेट यांचे. गेटवे १९२४ मध्ये खुला झाला, राजाच्या आगमनाची आठवण म्हणून. आणि २८ फेब्रुवारी १९४८ रोजी ब्रिटिश सैन्याची शेवटची तुकडी याच कमानीतून निघून गेली. स्वातंत्र्याचा धडा यापेक्षा सोपा करून कसा सांगणार?

"मुलं कंटाळतात," असं कुणी म्हणेल. मुलं पाहण्याला कंटाळत नाहीत, ती पळवण्याला कंटाळतात. बघायला वेळ आणि हातात काम दिलं, तर चौथीची मुलं एका मूर्तीसमोर शांत बसतात.

खर्चाचं काय? शालेय सहलीला एसटीच्या भाड्यात ५० टक्के सवलत मिळते. लोकलने जायचं तर रविवार निवडा, गर्दी कमी असते. संग्रहालयाला आधी शाळेचं पत्र द्या आणि विद्यार्थी सवलत विचारा. आणि अगदीच जमत नसेल, तर याच संग्रहालयाची 'म्युझियम ऑन व्हील्स' ही बस शाळांपर्यंत जाते, तिच्यासाठी अर्ज करा. एक गोष्ट मात्र मुख्याध्यापकांनी आणि शाळा व्यवस्थापन समितीनं ठरवावी. पैशाअभावी एकही मूल मागे राहता कामा नये. ज्याला परवडतं ते मूल कधीतरी मुंबई बघेलच. सहल खरी गरजेची आहे ती दुसऱ्यासाठी.

पाण्यात खेळायला आपल्याकडे उल्हास नदीकाठचं बालपण आहे, उन्हाळ्यात मामाचं गाव आहे. पण राजधानी आपलीही आहे, तिथल्या कमानीखाली आपण हक्कानं उभं राहू शकतो, ही जाणीव मुलाला शाळाच देऊ शकते. यंदाच्या सहलीचं पत्रक लिहायला घ्याल, तेव्हा एवढा विचार नक्की करा.