दवाखान्याच्या ओट्यावरून : पोटामागचा चोर

दिवाळी अंकात आजाराचे रडगाणे कशाला, असे आमच्या घरच्यांचे मत पडले. पण यंदा फराळाचा डबा धुळ्याला मामांकडे जायचा नाही. म्हणून हे सदर त्यांनाच देतो.

मामा तेव्हा ६८ वर्षांचे. त्यांना अचानक मधुमेह निघाला. वजनही सहा-सात किलो उतरले होते. मी जळगावहून फोनवरच गोळ्या सांगितल्या आणि “गोड कमी करा” म्हणून मोकळा झालो. पन्नाशीनंतर नव्याने आलेला मधुमेह आणि जोडीला उतरणारे वजन, हे दोघे एकत्र दिसले की एकदा स्वादुपिंड तपासावे, हे मला ठाऊक होते. पण डॉक्टर आपल्याच माणसांच्या बाबतीत आळशी असतो!

दोन महिन्यांनी मामांचे डोळे पिवळे झाले. पोटात दुखत नव्हते, म्हणून मामी निर्धास्त. कोणीतरी कावीळ उतरवणारा गाठून दिला. त्याने माळ घातली. माळ रोज लांबत गेली आणि मामा रोज वाळत गेले. यात तीन आठवडे गेले. मग अंगाला खाज सुटली, लघवी गडद झाली, शौच पांढुरके झाले, तेव्हा एस.टी.ने पारोळा-एरंडोलमार्गे येऊन ते माझ्या दारात उभे राहिले. “तू डॉक्टर शे ना, मंग माले खरं सांग,” एवढेच म्हणाले.

सोनोग्राफी झाली, सी.टी. स्कॅन झाला. स्वादुपिंडाच्या डोक्यात कॅन्सरची गाठ होती.

वाचकहो, स्वादुपिंड हा वीतभर लांबीचा अवयव जठराच्या मागे आडवा पसरलेला असतो. अन्न पचवणारा रस आणि इन्सुलिन तो तयार करतो. पित्तनलिका त्याच्या डोक्यातून जाते, म्हणून तिथल्या गाठीने कावीळ होते आणि चोराची चाहूल तरी लागते. शेपटीकडची गाठ फार दिवस गप्प बसते. रोग सापडतो तेव्हा शंभरांतल्या पंधरा-वीस जणांवरच शस्त्रक्रिया करण्यासारखी असते. गोव्याचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर यांच्यावर २०१८ साली मुंबईत, अमेरिकेत आणि दिल्लीत उपचार झाले. तरी १७ मार्च २०१९ रोजी, वयाच्या ६३व्या वर्षी ते गेले. हा रोग पद पाहत नाही.

शस्त्रक्रिया मुख्यतः तीन. गाठ डोक्यात असेल तर ‘व्हिपल’. बर्लिनच्या कॉश यांनी ती १९०९ साली दोन टप्प्यांत केली होती. पण नाव राहिले ते न्यूयॉर्कच्या ॲलन व्हिपल यांचे, १९३५ पासून. तीत स्वादुपिंडाचे डोके, लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग, पित्ताशय, पित्तनलिकेचे खालचे टोक आणि कधी जठराचा तुकडाही काढतात. मग स्वादुपिंड, पित्तनलिका व जठर पुन्हा आतड्याला जोडतात. गाठ शेपटीत असेल तर तो भाग, बहुधा प्लीहेसह, काढतात. प्लीहा गेली की जंतुसंसर्गाविरुद्ध लसी घ्याव्या लागतात. क्वचित सबंध स्वादुपिंड काढावे लागते. मग जन्मभर इन्सुलिन. गाठ काढण्याजोगी नसली तरी हात टेकायचे कारण नाही. दुर्बिणीतून पित्तनलिकेत नळी बसवून कावीळ उतरवता येते, अडलेल्या अन्नाला दुसरी वाट करून देता येते.

मामांची गाठ शेजारच्या रक्तवाहिनीला टेकलेली होती. म्हणून आधी नळी, मग काही महिने केमोथेरपी, आणि गाठ आटोक्यात आल्यावर मुंबईला व्हिपल. सर्जनना मी एकच प्रश्न विचारला, “तुमच्याकडे वर्षाला अशा किती होतात?” तुम्हीही न संकोचता विचारा. जिथे या शस्त्रक्रिया नेहमी होतात, तिथे शस्त्रक्रियेतच दगावणाऱ्यांचे प्रमाण शेकडा पाचाच्या आत आले आहे; हात सरावाचा नसेल तिथे ते बरेच वाढते. खरी भीती स्वादुपिंडाच्या जोडातून रस गळण्याची. मामांचाही जोड गळला. तीन आठवडे पोटात नळी ठेवून तो भरून आला. नंतर पुन्हा केमोथेरपी, आणि प्रत्येक जेवणासोबत पाचक रसाची कॅप्सूल.

त्यानंतर मामांना तीन दिवाळ्या मिळाल्या. नातीचे लग्न त्यांनी पाहिले. दर हिवाळ्यात कॅप्सूल खिशात ठेवून भरीत आणि कळण्याची भाकरी खाल्ली. मग रोग यकृतात उगवला, आणि गेल्या उन्हाळ्यात ते गेले.

माळेपायी तीन आठवडे गेले, असे मामी अजून हळहळते. त्याआधीचे दोन महिने माझ्या फोनपायी गेले, हे मी तिला सांगितले आहे. तेवढ्याने मामा वाचले असते का, हे कोणीच सांगू शकणार नाही. म्हणूनच ते महिने मला टोचतात.

भाऊबीजेला सगळे जमाल, तेव्हा कोणाचे कपडे सैल झाले आहेत ते पाहा. भावाचे डोळेही पाहा. मात्र ओवाळताना नको, निरांजनाच्या उजेडात सगळेच पिवळे दिसते. सकाळी त्याला अंगणात, उन्हात उभा करा आणि मग पाहा.